प्रवर्तकाचं नाव

नाव विचारलं की बाया आत निघून जात. दार आपटत नसत. पदराला हात पुसत, दूध उतू जाऊन राहिलं असं काहीतरी म्हणत आत जात आणि परत येत नसत. एका गल्लीत तर एकाच दुपारी सहा घरांतलं दूध उतू गेलं. त्या गल्लीत दूधवाला दिवसाआड यायचा, हे मला ठाऊक होतं; आणि मला ते ठाऊक आहे, हे त्यांनाही.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी नागपूरच्या पूर्व भागात कार्पोरेशनच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेला लागूनच हातमागावर लुगडी विणणाऱ्यांची वस्ती होती. तिच्या पलीकडे नंदनवनकडे नवी घरं उठत होती, पण वस्तीत दिवसभर मागांचीच खटखट ऐकू यायची. देशभर प्रौढ साक्षरतेची मोठी योजना सुरू झाली होती आणि आमच्या शाळेच्या वाट्याला बायकांचा एक वर्ग आला होता. शाळा सकाळची, म्हणून वर्ग दुपारी दोन ते चार. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. तीस बायका, दहा महिने. हेडमास्तरांनी तो मला दिला, कारण माझं लग्न झालेलं नव्हतं आणि मला घरी जायची घाई नसते असं सगळ्यांचं मत होतं. रजिस्टर हातात देताना ते म्हणाले की वस्ती तुमच्या ओळखीची आहे, नावं मिळायला वेळ लागणार नाही.

ओळखीची होती, हीच अडचण होती. पण त्याआधी वडिलांविषयी सांगायला हवं.

माझे वडील शिक्षक होते. साठनंतरची काही वर्षं, मी लहान असताना, ते नरखेड तालुक्यातल्या एका गावी शाळेवर होते. आमच्या दोन खोल्यांच्या मागे संत्र्याची बाग होती. गावात कुणाकडे सरकारी कागद आला की तो माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. वडील चष्मा पुसून कागद दोनदा वाचत, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, आणि मग सोप्या शब्दांत समजावून सांगत. विहिरीवरच्या पंपाची मंजुरी असो की कोर्टाची तारीख. ऐकून झालं की माणूस कागदाची घडी घालून उठून जायचा. कागदावर खरंच तेच लिहिलंय का, हे तो दुसऱ्या कुणाला विचारत नसे. पंधरा ऑगस्टला वडील पोरांपुढे सांगत की धरणं आणि कारखाने मागाहून होतील, आधी प्रत्येक घरात एक वाचणारं माणूस पाहिजे. मग या देशातल्या माणसाला कुणी फसवू शकणार नाही. मला ते भाषण पाठ होतं आणि त्यातल्या एका शब्दाविषयीही शंका नव्हती. मी शिक्षिका झाले त्यात त्या भाषणाचा मोठा वाटा होता. पुढे वडील निवृत्त झाले आणि आम्ही नागपुरात धरमपेठेत राहायला आलो. तिथून मी दोन बस बदलून शाळेत जायचे.

आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी मी नोकरीत अगदी नवी होते. नसबंदीची मोहीम जोरात होती आणि शिक्षकांनाही त्यात जुंपलं होतं. प्रत्येकानं दोन पुरुषांना ऑपरेशनला तयार करायचं, नाहीतर नोकरी कायम होणार नाही, असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नव्हतं. माझ्याकडे आधी आलं ते सोपं काम. शाळेच्या दाखल्यांवरून ज्या घरांत तीनपेक्षा जास्त मुलं आहेत त्या घरांची यादी करायची. मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून ती केली. वडिलांनी विचारलं, कशाची यादी? मी सांगितलं. ते म्हणाले की सरकारनं मागितली आहे तर काही कारण असेल. आणि रेघा सरळ याव्यात म्हणून त्यांनी मला पट्टी आणून दिली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हेडमास्तरांनी मला चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांना चिठ्ठी पाठवायला सांगितलं. मजकूर त्यांनीच सांगितला: मुलीच्या दाखल्याच्या कामासाठी पालकांनी उद्या सकाळी दहा वाजता शाळेत यावे. दाखल्याचं कसलंही काम नव्हतं. यादीत ते घर तिसऱ्या ओळीवर होतं, हे मला आठवत होतं. मी काही विचारलं नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्या मुलीच्याच हातात दिली. तिचं नाव शाळेत उशिरा घातलेलं, त्यामुळे ती वर्गात वयानं मोठी होती, आणि वाचायला सगळ्यांत चांगली. तिला धडा वाचायला लावला की थांबवावं लागे, नाहीतर ती पुढचाही वाचून टाकायची.

दुसऱ्या दिवशी दहाला तिचे वडील धुतलेला सदरा घालून आले. फाटकाशी एक गाडी उभी होती. मी वर्गात पाढे म्हणवून घेत होते. खिडकीतून दिसत होतं की दोघं-तिघं त्यांच्याशी बोलताहेत आणि ते शाळेकडे हात करून काहीतरी सांगताहेत. मग ते गाडीत बसले. कुणी ओढलं नाही, मारलं नाही. मी पाढे चालू ठेवले.

त्यांची जखम चिघळली. मागावर बसायचं म्हणजे खड्ड्यात पाय सोडून पायांनी पावड्या दाबत राहायचं. दोन महिने त्यांना ते जमलं नाही आणि माग बंद राहिला, हे मला शाळेतल्या शिपायाकडून कळलं. मुलगी शाळेत यायची बंद झाली. आईबापांनी रागानं काढून घेतली असेल, असं मी धरून चालले. त्यांच्या घरी गेले नाही. महिनाअखेर हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की तुमच्या नावावर एक केस लावून दिली आहे, काळजी करू नका. मी त्यांचे आभार मानले.

आता मी त्याच वस्तीत दुसरं रजिस्टर घेऊन फिरत होते.

पहिल्या आठवड्यात सात बायका आल्या. त्यांपैकी तीन देवळात झाडलोट करणाऱ्या म्हातारीच्या सुना होत्या, म्हणजे तिनं ढकललेल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी एक बाई आली आणि सतरंजीवर न बसता खांबाला टेकून उभी राहिली. पस्तिशीची, किरकोळ बांध्याची, अंगाला सुताच्या खळीचा वास. ती पाटीकडे बघतही नव्हती. रजिस्टरकडे बघत होती. वर्ग संपल्यावर पुढे आली आणि म्हणाली, याच्यात काय काय लिवलं हाये ते सांगा. मी रकाने वाचून दाखवले: नाव, वय, नवऱ्याचं नाव, मुलं किती.

"लेकरं किती हे काहून पायजे?" तिनं विचारलं. "लेकरायले शिकवून राहिल्या का आमाले?"

मी म्हटलं, ते छापूनच आलंय. ती म्हणाली, मग तो रकाना कोरा ठेवा. मी ठेवला. तिनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव शेजारणीकडून सांगवलं, आणि ती कोण हे मला तेव्हा कळलं. त्या मुलीची आई. मी तिच्या मुलीची बाई होते हे तिला माहीत असणारच. त्यापलीकडे तिला काय माहीत आहे, याचा मला अंदाज येईना. मी शाईचा पॅड पुढे केला. तिनं हात मागे घेतला. अंगठा लावणार नाही म्हणाली. आधी लिहायला शिकवा, आपलं नाव आपल्याला आलं की सही करीन, तवरीक तिथंही कोरंच राहू द्या. तिचं ऐकून बाकीच्यांनीही अंगठा द्यायचं नाकारलं.

ती रोज येऊ लागली. ती शिकायला येते यावर माझा विश्वास बसत नव्हता. मला वाटायचं, तिला काहीतरी काढून घ्यायचंय, किंवा एके दिवशी सगळ्यांसमोर काहीतरी बोलायचंय. पण ती शिकत होती, तेही सगळ्यांच्या पुढे. मी फळ्यावर शब्द लिहिला की ती तो पाटीवर उतरवून घ्यायची आणि पाटी न पुसता घरी न्यायची. कशाला, ते मला झाडलोट करणाऱ्या म्हातारीनं सांगितलं. ती पाटी रेशनच्या दुकानदाराला दाखवून विचारायची, हे काय लिवलं हाये सांगा. दुकानदार 'कमळ' म्हणाला की मगच तिचं समाधान व्हायचं. पहिले दोन महिने माझा एकेक शब्द तिनं असा दुसरीकडे तपासून घेतला. मला ते लागलं. पण तिच्याकडे तसं करायला कारण होतं, आणि ते कारण मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं.

इकडे हेडमास्तर रजिस्टर मागत होते. वर्गात अकरा जणी झाल्या होत्या आणि हजेरीचे रकाने कोरे होते. ते म्हणाले, वर तीसचा आकडा कळवलाय, तीस भरा. अंगठे कुठून आणू म्हटल्यावर त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून मला दाखवले. डावा, उजवा, करंगळीसुद्धा. कोण भिंग लावून बघतंय. ते वाईट माणूस नव्हते. तीन मुलींचे बाप होते, निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि प्रत्येक कागदाला ते घाबरायचे. मी पण घाबरायचे. एकोणीस नावं मी मतदारयादीतून उतरवली आणि घरी बसून त्यांच्यापुढे आपलीच बोटं उठवली. शाई साबणानं जात नव्हती, म्हणून वडिलांपुढे जेवताना हात झाकून घेतला.

ते रजिस्टर मी वर्गात उघडं ठेवून पाणी प्यायला गेले, हा माझा निष्काळजीपणा. परत आले तर ती बाई त्यावर वाकली होती. तिला अंक येत होते.

"इथं तीस लिवले हायेत," ती म्हणाली. "आमी अकरा जनी हाओ. हे बाकीचे अंगठे कोनाचे?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, माझे.

ती म्हणाली, "तुमच्याजवळ एवढे अंगठे हायेत, तं आमचा काहून मांगत होत्या?"

दोघीतिघी हसल्या. ती हसली नाही. त्या दिवशी मी काय शिकवलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी चार जणी आल्या नाहीत, आठवड्याभरानं परतल्या. ती एक दिवसही चुकली नाही. मला वाटतं, आता तर तिला यायलाच हवं असं वाटलं असेल.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुस्तकातला तो धडा आला ज्यावर आई, बाप आणि दोन मुलांचं चित्र होतं. चौघं हसत होते, मागे कौलारू घर. मी पान उलटून टाकणार होते, पण बायका चित्रं आधीच बघून ठेवत. एकीनं चित्रातली मुलं मोजली आणि पुस्तक मिटून ठेवलं. दुसरी उठलीच. म्हणाली, माह्या नवऱ्यानं सांगतलं होतं, शिकवनं गिकवनं काही नाही, हे तेच होय. मी समजावत होते की आता तसं काही नाही, सरकार बदललं, ती मोहीम संपली. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. तेव्हा ती खांबापाशी बसलेली बाई म्हणाली, बस वं खाली. काय लिवलं हाये ते तं वाचू, मंग जाऊ. आणि तिनं तो धडा अक्षराला अक्षर लावत सगळ्यांना वाचून दाखवला. घर लहान, विहीर जवळ, मुलं शाळेत जातात, असंच काहीसं होतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, यात ऑपरेशनाचं काही नाही, पुढच्या धड्यात असंल तं पाहू. त्यानंतर प्रत्येक धडा मी शिकवण्याच्या आधी ती शेवटपर्यंत वाचून काढायची. तशी ती वाचायला शिकली, शोधत शोधत. तिच्या मागोमाग बाकीच्याही.

सातव्या महिन्यात एके दुपारी ती वर्गात आली आणि लुगड्याच्या गाठीतून घडी घातलेला एक कागद काढून पाटीवर ठेवला. घड्यांवर कागद फाटायला आला होता. तो काय आहे, हे मला लांबूनच कळलं. तिच्या नवऱ्याला त्या दिवशी दिलेलं प्रमाणपत्र. तिनं ते माझ्याकडे दिलं नाही. म्हणाली, म्या वाचतो, चुकलं तं सांगा. आणि मोठ्यानं वाचू लागली. शिबिराचं ठिकाण. नवऱ्याचं नाव. वय, ते चुकीचं लिहिलेलं होतं, तिथं ती थांबली आणि वय वाढवून लावलं म्हणाली. शस्त्रक्रिया हा शब्द तिला तीन तुकड्यांत वाचावा लागला. मग खालची ओळ: प्रवर्तकाचे नाव. तिनं विचारलं, प्रवर्तक म्हणजे काय? मी सांगितलं, ज्यानं आणलं तो. मग तिनं ते नाव वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकेक अक्षर सुटं करत, जोडाक्षरावर अडखळत, पण बरोबर.

मला सगळे 'बाई' म्हणत. वस्तीत माझं नाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोण होय हे, कोणी तरी बाईच दिसते, आपल्याकडची नाही, असं चाललं होतं.

"हे कोन, बाई?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, असेल कुणी तरी.

तिनं कागदाची घडी घातली, गाठीत बांधली आणि पुस्तक उघडलं. मी धडा पुढे नेला. चार वाजता वर्ग सुटला आणि मी बसस्टॉपवर उभी राहिले. पहिली बस आली ती मी सोडली, दुसरीही सोडली. मग घरी गेले. रात्रभर काही फार नाटक झालं असं नाही, झोप लागली. पण सकाळी उठल्याबरोबर कळलं की जावं लागणार. त्या दिवशी शाळा सुटल्यावर देवळाकडे न वळता मी तिच्या घरी गेले.

दाराशीच माग होता आणि नवरा विणत होता. मला बघून त्यानं हात थांबवला. ती आतून आली. भिंतीपाशी त्यांची थोरली मुलगी चरख्यावर कांड्या भरत बसली होती. उंच झाली होती. तिनं मान वर केली, मला ओळखलं आणि पुन्हा चरखा फिरवायला लागली. मला बसायला पाट दिला. मी उभीच राहिले आणि एका दमात सांगून टाकलं की त्या कागदावरचं नाव माझं आहे.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर तेच हाये. पंधरा दिवस झाले वाचून."

"मग काल कशाला विचारलंत?"

"तुमी सांगता का नाही, ते पाहाले."

मग नवऱ्यानं विचारलं की ती चिठ्ठी कुणी लिहिली होती. चिठ्ठीचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. ती गोष्ट आपल्यापाशीच राहील असं कुठेतरी वाटत होतं. मी म्हटलं, मीच. त्यानं मान हलवली, जणू त्याला हिशेब जुळवायचा होता तो जुळला. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, अक्षर सुरेख होतं. पोरीनं एकाही ठिकाणी न अडता वाचून दाखवलं. शाळेतून आली तं नाचत आली, बाबा तुमाले शाळेत बलावलं, म्या वाचतो, म्या वाचतो. तिनं दोनदा वाचली.

मी विचारू नये ते विचारलं. म्हणजे म्हणूनच तुम्ही तिला शाळेतून काढलंत का?

"आमी नाही काहाडलं," आई म्हणाली. "तुमी तसं समजल्या का? आमी तं जाय म्हनून मागं लागलो. तिचा बाप खाटेवर पडून जाय म्हने. तिनंच पाटी ठेवून देल्ली. मी वाचली म्हनून बाबा गेले, म्हने. तवापासून एक अक्षर वाचलं नाही तिनं. दुकानावरची पाटी बी नाही."

चरखा चालूच होता. मी मुलीच्या जवळ गेले, तिच्या नावानं हाक मारली. तिनं हातातली कांडी भरून पूर्ण केली, टोपलीत टाकली आणि उठून मागच्या दारानं निघून गेली. आईनं मला थांबवलं. राहू द्या, म्हणाली. तुमच्यानं नाही होनार ते.

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. यादी, चिठ्ठी, एकोणीस अंगठे, मुलगी. ते आरामखुर्चीत बसून ऐकत होते. पट्टी मी दिली होती, एवढंच म्हणाले. मग विचारलं, वर्ग बंद नाही ना केलास? मी म्हटलं, उद्या कुणी येईल असं वाटत नाही. ते म्हणाले, तू तर जा.

अकराही आल्या. तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, ते त्यांच्या तोंडांवरून कळत होतं. देवळातल्या झाडलोटवाल्या म्हातारीची धाकटी सून माझ्याकडे पाठ करून बसली आणि पुढचे कित्येक दिवस तशीच बसत राहिली. पाठ करूनच तिनं बाराखडी संपवली. ती बाई म्हणाली की आमी येऊ, पन दर शनिवारी हे रजिस्टर इथं मोठ्यानं वाचलं जाईल, आणि ते तुमी नाही वाचनार, आमच्यातली एक वाचंल. मी कबूल केलं. पहिल्या शनिवारी तिनं वाचलं. खोट्या एकोणीस नावांपाशी आली की ती थांबायची आणि मी तांबड्या शाईनं ते नाव खोडायचे. दोघी बायका त्या यादीत आपल्या मेलेल्या सासवांची नावं ऐकून चकित झाल्या. मतदारयादी जुनी होती. त्यावर मात्र तीही हसली.

हेडमास्तरांनी ती खाडाखोड बघितली तेव्हा ते रागावले नाहीत, खुर्चीत मागे टेकून बसले. हे तुम्ही माझ्याविरुद्ध कुणाच्या सांगण्यावरून केलं, असं त्यांनी विचारलं. मी कुणाच्या नाही म्हटलं तर त्यांना पटलं नाही. वर्षाअखेरच्या अहवालात मी अकरा लिहिले. त्यातल्या आठ जणींना नीट वाचता येतं, तिघींना नाही. त्यांनी नवा अहवाल दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्यात काय आकडा गेला ते मला माहीत नाही. देशाच्या एकूण बेरजेत आमच्या देवळातल्या किती बाया धरल्या गेल्या असतील, याचा मी पुढे कधी कधी विचार करायचे. पुढच्या जूनमध्ये माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली.

त्याच्या पुढच्या वर्षी जनगणनेचं काम आलं. ते शिक्षकांनाच करावं लागतं. मी सांगून त्या वस्तीचा भाग मागून घेतला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मला वाटलं होतं की दारं बंद होतील. झाली नाहीत, पण कुणी आपलेपणानंही बोललं नाही. त्या बाईला मी आल्याचं कळल्यावर ती स्वतःहून आली आणि माझ्याबरोबर घरोघर फिरली. मी रकाना भरला की ती तो वाचायची, मग घरातल्यांना सांगायची, बरोबर लिवलं हाये, पुढचं सांगा. एका घरी मी मुलाचं वय चुकवलं, तर तिनं ते दुरुस्त करवून घेतलं. वस्तीतले लोक तिला कागद दाखवायला आणत, हे मला त्या दोन दिवसांत दिसलं. रेशनकार्डं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, विणकरांच्या सोसायटीचे कागद. ती कागद वाचायची आणि आधी त्यात खोट काय आहे ते शोधायची.

तिची धाकटी मुलगी सहावीत होती. थोरलीचं लग्न झालं होतं, नरखेडकडे दिली होती. ती कशी आहे, मी विचारलं.

"बरी हाये. कार्ड पाठवते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, गेल्यावर चार महिन्यांनी पहिलं आलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, आता सुधरून राहिलं. "मलेच वाचता येते म्हनून लिवते," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले वाचाले द्या लागलं असतं, तं नसतं लिवलं तिनं."

देवाच्या फोटोमागून तिनं पाच-सहा पोस्टकार्डं काढली. सवयीनं माझा हात पुढे गेला. तिनं कार्डं आपल्याकडे ओढली.

"तुमाले नाही देत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "माह्यासाठी लिवलं हाये."

मी हात मागे घेतला. ती उंबऱ्यावर बसली, सगळ्यांत वरचं कार्ड उजेडात धरलं आणि ओठ हलवत मनात वाचलं. मी उभी होते. वाचून झाल्यावर तिनं सांगितलं की पोरगी कापूस वेचायला जाते, सासू बरी आहे, होळीला येईन म्हणते. आणखी बी काही लिवलं हाये, म्हणाली, पण ते सांगितलं नाही. कार्डं पुन्हा फोटोमागे ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, चला, पुढचं घर राहिलं हाये. त्या बुढ्याले ऐकू कमी येते, मोठ्यानं विचारा लागते.

आम्ही निघालो. तिनं चालता चालता माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.